पाटे घेऊन भरलेली ग्रामसभा

गेल्या महिन्यात मंजूनं, म्हणजे माझ्या मुलीनं, इंग्लंडातून मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. ती तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. व्हिडिओत एक हॉटेल, हॉटेलासमोर दोनेकशे माणसं, हातात झेंडे, आणि एक जण टेम्पोवर चढून भोंग्यात ओरडतोय. मला इंग्रजी यथातथाच कळतं. पण अर्धा मिनिट पाहिलं आणि मी लगेच फोन लावला.

"अवं मंजे, हे त आपली ग्रामसभा!"

मंजू हसली नाही. तिनं समजावून सांगितलं. आपापल्या देशातून जीव वाचवून पळून आलेली माणसं सरकारनं त्या हॉटेलात ठेवली आहेत. त्यांच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना काम करायची सोय नाही, घर भाड्यानं घ्यायची ऐपत नाही. आणि गावातले लोक म्हणतात, आमची लेकरं सरकारी घराच्या यादीत वर्षानुवर्षं ताटकळतात आणि ह्यांना हॉटेल? टेम्पोवरचा माणूस निवडणुकीला उभा आहे. "तुमचं घर त्यांनी घेतलं," एवढं एकच वाक्य तो फिरवून फिरवून बोलतो, आणि गर्दी टाळ्या वाजवते.

"आई, त्या गर्दीत निळ्या जॅकेटची बाई दिसते ना, तिची आई माझ्या वॉर्डात आहे. रोज भेटायला येते. चांगली बाई आहे गं. घरासाठी कधीची नाव लावून बसली आहे. ती पण ओरडते आहे."

मी म्हटलं, थांब, तुला एक गोष्ट सांगते. तीच इथं लिहिते आहे, कारण फोनवर सांगताना माझा आवाज एवढा चढला की इथं वाशीमला शेजारच्या बाई विचारायला आल्या, म्याडम, भांडण झालं का?

भांडण नाही. पण त्या दिवसाची आठवण निघाली की मला आजही बसून बोलता येत नाही, उठून उभी राहते.

मी जन्मभर ग्रामसेविका होते. शहरातल्या लोकांना वाटतं ग्रामसेवक म्हणजे गावात सेवा करणारा कोणी भला माणूस. भला वगैरे काही नाही. गावात नळ आला नाही तर म्याडम, खांबावरचा दिवा गेला तर म्याडम, कुत्रं मेलं तर म्याडम, मंत्री आला तरी म्याडम. जन्माची नोंद आम्ही करायची, मरणाची आम्ही करायची, आणि मधल्या काळात माणूस दाखल्यासाठी आमच्याच दारात बसलेला. या सगळ्यात मोठं रजिस्टर म्हणजे नमुना आठ. गावातलं प्रत्येक घर त्यात लिहिलेलं असतं, कोणाचं, किती खणांचं, मातीचं की विटांचं, घरपट्टी किती. या वहीत जो आहे तो गावचा. जो नाही तो हवेत.

घरकुलाचं कामही आमच्याकडंच. सरकारी घर मिळायचं तर आधी यादीत नाव लागतं, मग ग्रामसभेचा ठराव लागतो, मग आम्ही पडक्या घरासमोर लाभार्थ्याला उभं करून मोबाईलवर फोटो काढतो. त्या फोटोत जागेचा नकाशावरचा ठिकाणा आपोआप नोंदला जातो. एका बहाद्दरानं काय करावं? मी त्याच्या पडक्या घराकडं चालले तर म्हणतो, "म्याडम, फोटो सरकारकडं जाऊन राह्यला, मंग चांगल्या घरासमोर काढू ना!" मी दुसऱ्या कामात, शिपायानं काढला फोटो शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घरासमोर, दोघांच्याही मनासारखा. वरून उत्तर आलं, लाभार्थ्याकडं पक्कं घर आहे, नामंजूर. तो अर्ज सरळ करायला मला एक वर्ष लागलं. माणसं अशी असतात, आणि त्यांच्यासाठीच मला ही नोकरी आवडायची.

आता मुद्द्यावर येते.

माझी पहिली नेमणूक शेलूबाजारच्या आतल्या अंगाला एका गावात होती. नाव लिहीत नाही, गावात माझं अजून पाहुण्यासारखं जाणं-येणं आहे. शेलूबाजारला जीपमधून उतरायचं आणि तिथून पायी. गावाच्या वेशीला, नाल्याच्या काठानं सरकारी पडीत जमीन होती, आमच्याकडं तिला ई-क्लास म्हणतात. त्यावर पाथरवटांची नऊ पालं. बांबू, फाटकी ताडपत्री, आणि समोर दगडांचे ढीग. ही माणसं पाटे-वरवंटे घडवायची. बाया डोक्यावर पाटी घेऊन गल्लीगल्लीत ओरडत जायच्या, "पाट्याले टाकीऽऽऽ!" पाटा वापरून गुळगुळीत झाला की मसाला नीट वाटला जात नाही, मग छिन्नीनं, म्हणजे टाकीनं, त्यावर पुन्हा बारीक खाचा पाडायच्या. सुगी संपली की ते दोन-चार महिने गावोगाव फिरायचे, पण एक-दोन म्हातारी पालात राहायचीच, आणि बाकीचे परत यायचे ते इथंच.

मी नवी नवी. नव्या नवरीसारखा उत्साह. नमुना आठ काखेत मारून सगळं गाव पालथं घातलं आणि शेवटी पालांपाशी गेले. सोबत तेव्हाचे सरपंच आबाजी. देवमाणूस. त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला.

"राहू द्या ना म्याडम. पालाले कायची घरपट्टी? दगडं फोडून पोट भरून राह्यले बिचारे."

माझं मन भरून आलं. मी वही मिटली. घरी येऊन आईला सांगितलं की आज माझ्या हातून पुण्य घडलं. स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं मला!

त्या पुण्याची फळं पुढं किती कडू निघाली ते सांगते.

बदल्या होत होत नोकरीच्या शेवटाला तेच गाव परत माझ्या पदरात आलं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. गाव बदललं होतं, घरोघरी मिक्सर, पोरांच्या हाती मोबाईल. पालं मात्र नऊच्या नऊ तिथंच. ताडपत्री तेवढी निळी झाली होती. पहिल्या वेळी जी नवी सून म्हणून पाहिली होती ती शेवंताबाई आता सगळ्या पालांची म्हातारी झाली होती. आवाज तसाच, खणखणीत.

त्याच वर्षी भटक्या बेघरांसाठी वेगळी यादी आली. वेगळी म्हणजे वेगळी, गावाच्या यादीतलं एक घरही त्यानं कमी होत नव्हतं. त्यात या नऊ कुटुंबांची नावं लागली. अट एवढीच, ते गावात पूर्वीपासून राहतात असा पुरावा हवा, आणि ई-क्लासमधली जागा घरांसाठी द्यायची असा ग्रामसभेचा ठराव हवा. शेवंताबाई ऑफिसात आली, कागद हातात धरून उलटा-सुलटा पाहत राहिली आणि म्हणाली, "म्याडम, भिताडाचं घर? आमाले? खरंच सांगून राह्यल्या ना?"

आणि मग गजूभाऊ उभा राहिला.

गजूभाऊ आमच्या गावचा तरुण पुढारी. पुढच्या निवडणुकीची तयारी. वाईट मुलगा नव्हे, कोणाची म्हैस अडली तरी धावून जाणारा. पण त्याला एक वाक्य सापडलं होतं, "आधी आपले, मंग बाहेरचे." मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरू लागले. पहिल्या दिवशी नऊ घरकुलं बाहेरच्यांना, आठवड्यानं नव्वद, आणि शेजारच्या किन्हीराजा गावच्या बाजारात मला एकानं विचारलं, "म्याडम, तुमच्या गावात नऊशे घराची कॉलनी होऊन राह्यली म्हंते?" मी कपाळावर हात मारला.

पण एक गोष्ट कबूल करते. गजूभाऊच्या मागं उभे होते ते सगळेच काही खोटे नव्हते. रामदास होता. त्याचं घर कुडाचं, एक बाजू टेकू देऊन उभी. सर्वे झाला तेव्हा तो बायकोसकट ऊसतोडीला गेलेला, म्हणून यादीत नाव नाही. तो मला म्हणाला, "म्याडम, त्यायले भेटते त भेटू द्या. पन मले काहून नाई?" यादी बंद झाली होती. तुमचं घर पाथरवटांनी नाही, सर्व्यातल्या एका तारखेनं खाल्लं, असं सांगून कोणाचं समाधान होतं का? गजूभाऊचं उत्तर सोपं होतं. सोपं उत्तर भुकेल्या पोटी लवकर उतरतं.

ग्रामसभेचा दिवस उजाडला. एरवी कोरम भरायला शिपाई घरोघरी हाका मारत फिरतो, त्या दिवशी शाळेच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही! पुरुष समोर, बाया भिंतीकडेला डोक्यावर पदर घेऊन, पालावरची माणसं फाटकाबाहेर. आत या म्हटलं तरी येईनात. सरपंच तेव्हाचे विठ्ठलराव, आबाजींचेच पुतणे, ते घामानं भिजलेले. त्यांना मतं दोन्हीकडची हवी होती, आणि बसायला खुर्ची एकच.

गजूभाऊ उठला. त्यानं माहितीच्या अधिकारात नमुना आठची नक्कल काढली होती. ती डोक्याच्या वर धरून तो गरजला, "हे पाहा गावाचं रजिस्टर! म्याडमच्या सहीचं! याच्यात यायचं एक बी नाव नाई! कालपरवा आले अन् घरकुल मागून राह्यले! पुरावा दाखवा! एक कागद दाखवा! नाई त ई-क्लास खाली करा!"

"खाली करा! खाली करा!"

नऊ घरं जात होती, वर आहे ती पालंही जात होती, आणि ज्या वहीनं त्यांना हुसकावत होते ती माझी होती. मीच मिटलेली वही. बोलायला उठले आणि तशीच खाली बसले. निवृत्तीला चार महिने राहिलेले, आणि नोंद का केली नाही म्हणून चौकशी लागली तर? हो, हा विचार आला माझ्या मनात. लपवत नाही.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"कागद नाई भाऊ आमच्यापाशी. आमचा कागद तुमच्या घरात हाये."

शेवंताबाई आत आली होती. हातात काठी, कमरेला खोचलेली टाकी. हशा झाला. ती थांबली, हशा संपू दिला.

"पाटा उलटा करून पाहा. खालच्या अंगाले चांदाची कोर असंन अन् तिच्याखाली तीन टिंबं. थे माह्या सासऱ्याची निशानी. त्याच्या हातचा एक बी पाटा निशानीबिगर गेला नाई. गजूभाऊ, तुह्याच मायले इचार ना."

गजूभाऊची आई, वच्छलाकाकू, बायांमध्ये बसली होती. सगळ्या माना तिकडं वळल्या. काकू उठल्या, पदर सावरला, आणि एक शब्द न बोलता फाटकातून निघून गेल्या. मागोमाग त्यांची सून. गर्दीतून कोणी म्हणालं, झालं, काकूचा अपमान झाला. शेवंताबाईचा चेहरा पडला. गजूभाऊ पुन्हा बोलायला लागला.

दहा मिनिटं झाली असतील. फाटकात गलका उठला. पाहते तर काय! पुढं काकू, मागं सून, आणि सुनेच्या डोक्यावर चुंबळीवर पाटा!

सुनेनं तो माझ्या टेबलासमोर उतरवला. काकूंनी दोन्ही हातांनी उलटा केला. खालचा भाग काळा झालेला. त्यांनी पदर ओला करून पुसला. चांदाची कोर. खाली तीन टिंबं.



बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडं पाटा म्हणजे नुसतं वाटायचं साधन नाही. लग्नात नवरी पाट्यावर पाय ठेवते. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, मग लेकरू. भाऊ वेगळे निघाले की नव्या चुलीसोबत नवा पाटा येतो. कोणता पाटा कोणत्या लग्नातला हे बायांना तोंडपाठ असतं. पुरुषांना स्वतःच्या लग्नाचं साल आठवणार नाही, ते सोडा.

काकू पोराकडं वळल्या.

"गजू, हा पाटा माह्या लग्नातला. हिच्या सासऱ्यानं त्या नाल्यापाशी बसून घडवला. याच्यावर पाय ठेवून मी या गावची झाली. तवा तू जल्माले बी नव्हता आला. तुह्याआधीचे हायेत थे लोकं इथले."

"माय, तुले नाई समजत, हा राजकारनाचा..."

"चूप बैस! बाहेरचे बाहेरचे करून राह्यला कवाचा. मी कोठची? किन्हीराजाची. तुही बायको कोठची? कारंज्याची. इथं बसलेल्या समद्या बाया बाहेरून आल्या. काढ आमचे बी नावं! मंग पाहतो मी तुले भाकर कोन थापून देते थे!"

काय सांगू तुम्हाला! बायांकडून असा हशा फुटला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि त्या उठल्या. एकेक, दोघी-दोघी. ज्या बाईनं ग्रामसभेत कधी अंगठ्याशिवाय काही दिलं नव्हतं ती धावत घरी गेली. तासाभरात शाळेच्या आवारात पाटेच पाटे! डोक्यावरून, हातगाडीवरून, एकीनं तर नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं पाटा बांधून, नवऱ्यालाच चालवायला लावून आणला. मिक्सर आल्यापासून माळ्यावर गेलेले, न्हाणीघरात कपडे धुवायला घेतलेले, एक तर कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलेला. सगळे उलटे केले. त्रेसष्ट पाटे. अठ्ठावन्नांवर कोर आणि तीन टिंबं.

मी टेबल पुढं ओढलं आणि पंचनामा लिहायला घेतला. बायांनी सांगायचं आणि मी लिहायचं. "लिवा म्याडम, माह्या जावेच्या लग्नातला." "माह्या सासूच्या लग्नातला, आबाजी तवा सरपंच बी नव्हते." लिहिता लिहिता मी थांबले, उभी राहिले.

"एक ओळ माझीही लिहून घेते," मी म्हटलं. "यांची नोंद या रजिस्टरात नाही, कारण पहिल्या नेमणुकीत मी ती केली नाही. मला यांची दया आली होती. चूक माझी आहे."

आबाजींचं नाव मी घेतलं नाही. हात त्यांनी ठेवला होता, पण वही माझी होती.

विठ्ठलरावांनी ठराव वाचला. हात वर करा म्हटल्यावर बायांची सगळी भिंतच वर गेली. मग रामदासचा हात. तो म्हणाला, "आमी ऊस तोडाले जातो त तिकडं आमाले बी बाहेरचेच म्हंतात. मले मालूम हाये थे कसं लागते." गजूभाऊनं हात वर केला नाही, पण खालीही बसला नाही. सभा संपल्यावर त्यानं आईचा पाटा स्वतः डोक्यावर घेतला आणि घरी नेला. तेवढं मी पाहिलं.

पंचायत समितीत फाईल गेली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला. "म्याडम, पाटा फाईलीला कसा जोडायचा?" मी त्रेसष्ट फोटो पुढं ठेवले. ते पंधरा मिनिटं एकेक फोटो पाहत होते, मग म्हणाले, आमच्या घरचाही पाहावा लागेल. ठराव पुढं गेला. माझ्याकडून खुलासा मागवला गेला, पेन्शन काही महिने लांबली. लांबू दे.

रामदासचं घरकुल मात्र माझ्या हातून झालं नाही. चार अर्ज पाठवले, चारही परत आले. परवा कळलं, तो अजून वाट पाहतो आहे. गजूभाऊचा प्रश्न त्या सभेत हरला, पण रामदासचा प्रश्न तसाच उभा आहे, टेकू देऊन. हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं लिहिलेलं खोटं ठरेल.

सभेच्या दुसऱ्या दिवशी शेवंताबाई ऑफिसात आली. मला वाटलं, हात जोडेल. ती समोर बसली आणि रागानंच म्हणाली,

"म्याडम, तवा घरपट्टी लावली असती त आमी भरली नसती का?"

"भरली असती," मी म्हटलं.

"मंग दया काहून केली? आता नका करू. पट्टी लावा."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी नमुना आठमध्ये नऊ नावं लिहिली. घरांच्या भिंती तेव्हा जोत्यापर्यंतच आल्या होत्या, पण पट्टी लावली. पहिली पावती शेवंताबाईची. पावती मिळाली म्हणून पेढे वाटणारं माणूस मी जन्मात एकच पाहिलं.

हे सगळं मी मंजूला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, माझ्याकडं सगळे कागद आहेत. व्हिसा, टॅक्स, घराचा करार. पाटाच नाही."

इतक्या लांब माझी लेक, आणि तिच्यासाठी उठून घरी धावत जाणारी वच्छलाकाकू कुठून आणू? मग माझा पारा चढला.

"मंजे, त्या निळ्या जॅकेटवाल्या बाईच्या मायचं आंग कोन पुसते?"

"मी."

"तिले घास कोन भरवते?"

"मीच बहुतेक."

"मंग शेवंताबाई फाटकातून आत आली होती, तुले काय झालं? त्या बाईले समोर बसव अन् इचार, बाई, तुह्या मायचं समदं कोन करते, इथलं का बाहेरचं? बोल तोंड उघडून!"

मग माझ्या पोरीनं नाक ओढलं आणि, किती दिवसांनी, आमच्या बोलीत म्हणाली,

"इचारतो आई. उद्याच इचारतो."